नाशिकहून स्कॉटलंड: गोल्फ, पक्षी आणि कागदपत्रांची चळत

मेअखेरीस स्कॉटलंडला जायचे असेल तर तयारी दिवाळीत सुरू करावी लागते. आम्ही चौघे होतो. दोघे गोल्फ खेळणारे, दोघे दुर्बीण गळ्यात अडकवून फिरणारे. दोन्ही छंद एकाच गाडीत बसवायचे म्हटल्यावर टूर कंपनीची तयार सहल कामाची नव्हती. गोल्फच्या सहलीत रोज नवा कोर्स आणि रोज नवे हॉटेल, निसर्ग सहलीत गोल्फला जागाच नाही. शेवटी सगळे स्वतःच जुळवले. शुल्काचे आकडे २०२५ चे आहेत. पुढे जाणाऱ्यांनी ते ताजे करून घ्यावेत.

महिना ठरवताना घाई करू नये, कारण बाकी सगळे त्यावर बेतलेले असते. मेच्या शेवटी हायलँड्समध्ये, म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या डोंगराळ भागात, पहाटे साडेचारच्या सुमारास सूर्य उगवतो आणि रात्री पावणेदहाला मावळतो. म्हणजे पहाटे जंगलात तीन तास फिरून, नाश्ता करून, अकराला पहिल्या टीवर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागी, उभे राहता येते आणि संध्याकाळी पुन्हा तळ्यावर जाता येते. डिसेंबरातल्या तुटपुंज्या उजेडात एकच काम होईल. जून ते ऑगस्ट टाळण्याचे कारण मिज. ही डोळ्याला जेमतेम दिसणारी चावरी चिलटे वारा पडला की थव्याने येतात. मेअखेरीस ती नुकती सुरू झालेली असतात. आपल्याकडेही तेव्हा द्राक्षे उतरलेली, खरड छाटणी झालेली आणि पावसाला थोडा अवकाश असतो, त्यामुळे निफाड-दिंडोरीकडच्या बागाईतदारालाही हा काळ त्यातल्या त्यात सोयीचा.

पहिले काम हँडिकॅपचे, म्हणजे गोल्फरचे कसब सांगणाऱ्या आकड्याचे. तो जितका कमी तितका खेळ चांगला. क्लबात वर्षानुवर्षे खेळणाऱ्या अनेकांकडे अधिकृत हँडिकॅप इंडेक्स नसतो. ‘मी अठराचा आहे’ एवढ्यावर गाडी चालते. तिकडे ते चालत नाही. जागतिक हँडिकॅप पद्धतीत इंडेक्स मिळवायला किमान ५४ होलचे गुण क्लबात नोंदवावे लागतात. नऊ-नऊ होलच्या फेऱ्या जोडून केले तरी चालते, पण प्रत्येक गुणपत्रिकेवर सोबत खेळणाऱ्याची सही हवी. हिवाळ्यात सुटीच्या दिवशी खेळून हे सहज जमते. क्लबाचे सहीशिक्क्याचे इंग्रजी पत्र घ्या, त्याचा फोटो फोनमध्ये ठेवा. सेंट अँड्र्यूज या गोल्फच्या गावातल्या प्रसिद्ध ओल्ड कोर्सवर ३६ पर्यंतचा इंडेक्स चालतो. गावोगावच्या लहान क्लबांत फारसे कोणी विचारत नाही.

दुर्बीणवाल्यांची तयारी त्याच हिवाळ्यात नांदूरमध्यमेश्वरला होते. गोदावरी आणि कादवेच्या संगमावरचे हे पाणथळ २०१९ मध्ये महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ ठरले. तिथल्या मनोऱ्यांवरून लांबच्या बदकांवर दुर्बीण स्थिर धरण्याचा हात बसतो. ८×४२ ची दुर्बीण घ्या. १०×५० ची वजनाला जड, हातात थरथरते, आणि पाइनच्या जंगलात अंधारात बसलेला पक्षी शोधायला मोठे दृश्यक्षेत्र जास्त उपयोगाचे. नांदूरला हिवाळ्यात दिसणारा ऑस्प्रे, म्हणजे पायांनी मासा उचलणारा तो शिकारी पक्षी, स्कॉटलंडमध्ये उन्हाळ्यात घरटे करताना दिसतो. तोच पक्षी तिकडे परत जातो असा समज मात्र करून घेऊ नका. स्कॉटलंडचे ऑस्प्रे हिवाळ्यात पश्चिम आफ्रिकेला जातात.

जानेवारीत राहण्याची जागा. आमचे मत स्पष्ट आहे: दोनच मुक्काम करा. एक सेंट अँड्र्यूजजवळ, दुसरा हायलँड्समधल्या केर्नगॉर्म्स डोंगरभागात बोट ऑफ गार्टन या गावी किंवा आसपास. रोज बॅगा भरणे, गोल्फचा संच गाडीत चढवणे-उतरवणे यात सकाळ जाते, आणि सकाळच तर पाहायची असते. स्वयंपाकघर असलेले लहान घर घेतले तर शाकाहारी मंडळींची चिंता मिटते. बुकिंग रद्द करता येण्याजोगे घ्या, कारण व्हिसा अजून लांब असतो. लहान क्लबांचे टी टाइम, म्हणजे खेळ सुरू करायच्या वेळा, त्यांच्या संकेतस्थळावर थेट मिळतात. पाहुण्यांना कुठल्या वारी, कुठल्या वेळेत प्रवेश आहे ते आधी वाचा. शनिवारी सकाळी बहुतेक ठिकाणी सभासदांच्या स्पर्धा असतात.

आता व्हिसा. यात सगळ्यात जास्त वेळ जातो आणि नाशिककरांच्या काही खास अडचणी इथेच येतात.

सहा महिन्यांच्या पर्यटक व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या तारखेआधी जास्तीत जास्त तीन महिने करता येतो. ९ एप्रिल २०२५ ला शुल्क ११५ वरून १२७ पौंड झाले. आमचे अर्ज त्यानंतरचे. माणशी साधारण साडेचौदा हजार रुपये लागले. अर्ज ऑनलाइन भरायचा, पैसे भरायचे, बोटांचे ठसे आणि फोटो देण्यासाठी केंद्राची वेळ घ्यायची. नाशिककरांना मुंबई किंवा पुणे. पंचवटी एक्स्प्रेसने जाणार असाल तर दुपारी बारानंतरची वेळ घ्या. सकाळी दहाची वेळ घेतली तर आदल्या रात्री मुंबईत मुक्काम आलाच.

अर्जात दहा वर्षांचा परदेश प्रवास, आईवडिलांच्या जन्मतारखा, महिन्याचे उत्पन्न, महिन्याचा खर्च आणि सहलीवर किती खर्च करणार हे विचारतात. शेवटचे तीन आकडे एकमेकांशी जुळले पाहिजेत. महिन्याला ऐंशी हजार मिळवणारा माणूस सहलीवर सहा लाख खर्च करणार असेल तर ते कुठून येणार हे कागदावर दिसायला हवे.

बँकेचे सहा महिन्यांचे खातेउतारे, आयकर विवरणपत्रे, नोकरी असेल तर रजेचे पत्र, धंदा असेल तर नोंदणीचे कागद, हे नेहमीचेच. शेतकऱ्याची गोष्ट वेगळी. द्राक्षाचे पैसे वर्षभर येत नाहीत. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये दोन-तीन मोठ्या रकमा जमा होतात. व्हिसा अधिकाऱ्याला अचानक जमा झालेली मोठी रक्कम म्हणजे उसने पैसे दाखवल्याचा संशय. प्रत्येक मोठ्या जमेसमोर व्यापाऱ्याची पट्टी, म्हणजे मालविक्रीचा हिशेबाचा कागद, जोडावी, उताऱ्यावर त्या ओळीला आकडा द्यावा आणि तोच आकडा पट्टीवर लिहावा. शेतीचे उत्पन्न करमुक्त असल्याने विवरणपत्रात करपात्र रक्कम फार कमी दिसते. करमुक्त उत्पन्नाचा रकाना भरलेला हवा आणि सोबत सीएचे पत्र हवे.

सात-बारा मराठीत असतो, म्हणून भाषांतर लागते. साधे टाइप केलेले भाषांतर पुरत नाही. त्यावर ‘हे मूळ कागदाचे खरे व अचूक भाषांतर आहे’ असे लेखी विधान, तारीख, भाषांतरकाराचे पूर्ण नाव आणि संपर्क हवा. मूळ सात-बाराही जोडायचा. सात-बारावर नाव एका प्रकारे आणि पासपोर्टवर दुसऱ्या प्रकारे असेल, आणि आपल्याकडे ते असतेच, तर दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र इंग्रजीत करून घ्या.

एक पानाचे पत्र जोडावे: कोण जाणार, कधी परतणार, खर्च कोण करणार, मागे बाग किंवा दुकान कोण सांभाळणार. गोल्फ आणि पक्षी निरीक्षण हे कारण वाचणाऱ्याला खोटे वाटू नये म्हणून हँडिकॅपचे पत्र आणि टी टाइमचे बुकिंग त्यालाच लावले. पाल्हाळ नको.

कागद स्वतः स्कॅन करून अपलोड केले तर वेगळे पैसे लागत नाहीत. केंद्रावर स्कॅनिंग, एसएमएस, कुरिअर, खास प्रतीक्षालय अशा सेवा सुचवल्या जातात. त्यातली एकही सक्तीची नाही. कुरिअर मात्र नाशिककरांनी घ्यावे, मुंबईची एक खेप वाचते. निकालाला साधारण तीन आठवडे लागतात. पाच कामाच्या दिवसांत निकाल हवा असेल तर २०२५ मध्ये वरचे ५०० पौंड लागत. तो पैसा वाचवायचा एकच उपाय, वेळेत अर्ज. या तीन आठवड्यांत पासपोर्ट हातात नसतो, रोज ईमेल उघडून पाहिला जातो आणि घरातले वातावरण जरा तंग असते. तोवर परत न मिळणारे विमानाचे तिकीट काढू नका.

व्हिसा आल्यावर वाहन परवाना. ब्रिटनमध्ये आपला भारतीय परवाना बारा महिने चालतो, कायद्याला आंतरराष्ट्रीय परवाना लागत नाही. पण भाड्याने गाडी देणाऱ्या काही कंपन्या तो मागतात, म्हणून काढून ठेवलेला बरा. सारथी पोर्टलवर अर्ज, शुल्क १,००० रुपये, मग पेठ रोडच्या आरटीओत कागद दाखवायचे. पासपोर्ट, व्हिसा आणि तिकीट यांच्या प्रती सोबत ठेवा, म्हणून हे काम व्हिसानंतरच केलेले बरे. डॉक्टरांच्या सहीचा फॉर्म १-ए सोबत न्या. परवाना एक वर्ष चालतो.

पैशांचे थोडक्यात. २०२५-२६ च्या नियमाने टूर पॅकेज घेतले तर दहा लाखांपर्यंत ५ टक्के टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने वसूल करायचा कर, आधीच कापला जाई. फॉरेक्स कार्डात भरलेल्या रकमेवर दहा लाखांपर्यंत काही कापले जात नसे. सगळे सुटे बुक केल्याचा हा एक फायदा झाला. गाडीच्या अनामतीसाठी मात्र क्रेडिट कार्डच लागते आणि ते चालकाच्याच नावाचे हवे.

सामानात गोल्फचा पूर्ण संच न्यायचा की नाही यावर आमच्यात दुमत होते. क्लब, म्हणजे खेळायच्या काठ्या, तिकडे भाड्याने घेणे सोपे. विमानात संचाची बॅग तुमच्या २३ किलोंतच मोजली जाते, आणि चौघांच्या बॅगा व संच लहान गाडीच्या डिकीत मावत नाहीत. बूट, हातमोजा, डझनभर चेंडू आणि स्वतःचा पटर (चेंडू भोकात ढकलायची काठी) एवढे न्या. बूट घासूनपुसून कोरडे करा. तळाला चिकटलेली माती आणि बी घेऊन दुसऱ्या देशात उतरू नये. तूप, पेढे, पनीर घरीच ठेवा. दुधाचे पदार्थ बाहेरून नेण्यास ब्रिटनमध्ये मनाई आहे. चिवडा चालतो.

भारतीय गोल्फरला तिकडे सगळ्यात जड जाते ते कॅडी नसणे. आपल्याकडे बॅग उचलणे, चेंडू शोधणे, बंकरमधली वाळू सारखी करणे हे सगळे कॅडी करतो. सेंट अँड्र्यूजला पैसे मोजून कॅडी मिळतो, पण गावच्या क्लबात बॅग तुमची, ट्रॉली तुमची. अठरा होल म्हणजे आठ ते दहा किलोमीटर चाल, तीही चढउताराची. बॅटरीवर चालणारी छोटी गाडी सगळीकडे नसते, काही ठिकाणी डॉक्टरांचे पत्र दाखवल्यावरच देतात. महिना-दीड महिना आधी पाठीवर ओझे घेऊन चालायला लागा. आमचा सराव त्र्यंबक रोडच्या गोल्फ क्लब मैदानावर झाला, जिथे गोल्फ सोडून सगळे चालते.

एडिनबरा विमानतळावर गाडी घेताना चारही बाजूंचे आणि चाकांच्या रिमचे फोटो काढा. स्वयंचलित गिअरची गाडी आधीच मागा. वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून, त्यामुळे अर्धी भीती जाते. उरलेली अर्धी गोलचौकांची: उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचे, आणि ते खरोखरच द्यायचे. सेंट अँड्र्यूज साधारण ८० किलोमीटर.

ओल्ड कोर्सवर खेळण्याचा सर्वसामान्य मार्ग म्हणजे बॅलट, रोजची सोडत. किमान दोघांची नावे लागतात, जास्तीत जास्त चौघांची. खेळायच्या दिवसाच्या दोन दिवस आधी दुपारी दोनपर्यंत नावे द्यायची. सोमवारी खेळायचे तर शनिवारी दोनपर्यंत. एकट्याने आलेल्यांसाठी २०२४ पासून वेगळी डिजिटल सोडत आहे, पूर्वीसारखे पहाटेपासून रांगेत उभे राहावे लागत नाही. २०२५ मध्ये भर हंगामात फी ३४० पौंड होती, आणि ती नंबर लागला तरच भरायची. आमचा लागला नाही. मेमध्ये नंबर लागेलच असे गृहीत धरून मुक्काम ठरवू नका. शेजारीच १८९५ चा न्यू कोर्स आहे, त्याचे आधी आरक्षण करता येते आणि वारा तोच असतो. नवशिक्यासाठी नऊ होलचा बाल्गोव्ह आहे.

रविवारी ओल्ड कोर्सवर खेळ बंद असतो आणि लोक तिथे फिरायला येतात. फुकट. स्विल्कन पुलावर उभे राहून फोटो काढा, पण बंकरमध्ये उतरू नका आणि ग्रीनवरून, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवरून, चालू नका. दूरचित्रवाणीवर सपाट दिसणारी फेअरवे, म्हणजे टी ते ग्रीन यांमधली कापलेली हिरवळ, किती उंचसखल आहे ते पायांना कळते. गोल्फ न खेळणाऱ्या दोघांना हा दिवस जास्त आवडला.

लिंक्सवर, म्हणजे असल्या समुद्रकाठच्या वाळवट कोर्सवर, आपला नेहमीचा उंच फटका कामाचा नाही. जमीन टणक, वारा आडवा, चेंडू हवेत गेला की भरकटतो. ग्रीनच्या तीसेक यार्ड अलीकडून सात नंबरच्या आयर्नने (धातूच्या डोक्याच्या काठीने) चेंडू जमिनीलगत सरपटत सोडला तर जास्त जवळ जातो. पिवळ्या फुलांचे गॉर्सचे काटेरी झुडूप सुंदर दिसते. चेंडू त्यात गेला की तो सोडून द्या.

तिथून केर्नगॉर्म्सकडे जाणारा ए-९ रस्ता पर्थवरून वर चढतो. डनब्लेन ते इन्व्हर्नेस सरासरी वेग मोजणारे कॅमेरे आहेत. एका कॅमेऱ्याजवळ हळू आणि पुढे सुसाट ही युक्ती इथे चालत नाही, दोन कॅमेऱ्यांमधला वेळच मोजतात. आत वळल्यावर एकपदरी रस्ते लागतात. त्यावर ठराविक अंतराने बाजूला रुंद जागा केलेल्या असतात. ती जागा आपल्या डाव्या हाताला असेल तर आत शिरून थांबायचे. उजव्या हाताला असेल तर तिच्यासमोर आपल्याच बाजूला थांबायचे, म्हणजे समोरचा तिथून वळून जातो. पक्षी दिसला म्हणून त्या जागेत गाडी लावून उतरणे हा तिथला मोठा अपराध. हात उंचावून आभार मानायला विसरू नका.

बोट ऑफ गार्टनच्या जवळच लोख गार्टन हे तळे आहे. ब्रिटनमधून घरटे करणारे ऑस्प्रे १९१६ पर्यंत संपले होते. १९५४ मध्ये या भागात एक जोडी परतली, अंडीचोरांपासून रात्रंदिवस पहारा ठेवावा लागला, आणि १९५९ मध्ये इथली पिल्ले उडाली व लोकांना घरटे दुरून पाहण्याची सोय झाली. भोवतीचे अ‍ॅबरनेथीचे जंगल म्हणजे जुन्या कॅलेडोनियन पाइन वनाचा उरलेला मोठा तुकडा. पहाटे पाचला तिथे लाल खार हमखास दिसते. क्रेस्टेड टिट हा तुरेवाला छोटा पक्षी ब्रिटनमध्ये फक्त स्कॉटलंडमध्येच आढळतो आणि दिसण्याआधी त्याची घरघर ऐकू येते. मान मोडेपर्यंत शेंड्याकडे पाहत बसू नका, एका जागी दहा मिनिटे उभे राहा. ही पाखरे टोळीने फिरतात आणि आपसूक जवळ येतात.

कॅपरकेली हा टर्कीएवढा रानकोंबड्याच्या जातीचा पक्षी याच जंगलात राहतो, पण त्याला शोधायला जाऊ नये. २०२१-२२ च्या मोजणीत अख्ख्या देशात तो सुमारे ५३० उरल्याचा अंदाज निघाला. वसंतात नर एकत्र नाचतात त्या जागी माणूस गेला की माद्या निघून जातात, आणि प्रजननाच्या काळात त्यांना त्रास देणे गुन्हा आहे. पायवाट सोडू नका, एवढे पुरते.

पायवाटेवरून आठवले. स्कॉटलंडमध्ये २००३ च्या कायद्याने जवळपास कुठल्याही मोकळ्या जमिनीवरून जबाबदारीने चालण्याचा हक्क आहे. गोल्फ कोर्सही ओलांडता येतो, पण खेळ थांबवायचा नाही, ग्रीनवर पाय ठेवायचा नाही. म्हणून दुर्बीणवाले आणि गोल्फवाले एकाच कोर्सवर एकाच वेळी असू शकतात. फटका मारणारा उभा असेल तर थांबा, त्याने मान हलवली की पुढे जा. खेळणाऱ्याने मोठ्याने ‘फोर’ ओरडले तर वर पाहू नका. डोके झाका आणि वाका.

गवतातून चालल्यावर गोचीड तपासा. लाइम हा आजार त्यातून होतो. पँट मोज्यात खोचा, संध्याकाळी गुडघ्यामागे, कमरेला, काखेत पाहा. चिकटलेली दिसली तर औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या आकड्याने कातडीलगत धरून ओढायची. तेल, काडी, चुना असले काही नको. पुढच्या काही आठवड्यांत गोल लाल चट्टा पसरताना दिसला तर डॉक्टरांना गोचीड चावल्याचे मुद्दाम सांगा. आपल्याकडे हा आजार क्वचित दिसतो, त्यामुळे त्यांना तो लगेच सुचणार नाही.

किंगूसीजवळच्या इन्श मार्शेस या पाणथळाला हाइडमध्ये, म्हणजे लपून पाहायच्या खोलीत, बसून रेडशँक आणि कर्ल्यू हे पाणपक्षी पाहता येतात. दोन्ही हिवाळ्यात भारतात येणारे, पण इथे ते हवेत उंच जाऊन गातात, जे आपल्याकडे सहसा ऐकायला मिळत नाही.

एक दिवस फोर्ट्रोजसाठी राखा. इन्व्हर्नेसहून अर्ध्या तासाच्या अंतरावर आहे. समुद्रात घुसलेल्या चिंचोळ्या भूशिरावर गोल्फ कोर्स, मधून जाणारा अरुंद रस्ता आणि टोकाला चॅनोनरी पॉइंटचा १८४६ चा दीपस्तंभ. टोकाच्या दगडी किनाऱ्यावरून बॉटलनोज डॉल्फिन अगदी जवळून दिसतात, पण कुठल्याही वेळी नाही. ओहोटी संपून भरती चढू लागली की मासे प्रवाहाबरोबर आत येतात आणि त्यांच्या मागे डॉल्फिन. तक्त्यात ओहोटीची वेळ पाहा, त्यानंतर साधारण तासाभराने टोकावर असा, आणि त्याच्या पाच तास आधीचा टी टाइम घ्या. भरती-ओहोटीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटे पुढे सरकते, म्हणून हा टी टाइम तारीख पक्की झाल्यावरच घ्यायचा. टोकाशी गाड्या लावायची जागा थोडी आहे. गाडी गावात ठेवून किनाऱ्याने चालत गेलेले बरे. डॉल्फिन आले नाहीत तर पुढच्या भरतीपर्यंत थांबण्यापेक्षा समुद्रपक्षी पाहा.

गाडी परत करताना टाकी भरून द्या आणि पेट्रोलची पावती ठेवा. अनामत कार्डावर परत दिसायला एक ते दोन आठवडे लागतात. विमानाचे बोर्डिंग पास आणि व्हिसाच्या अर्जाची पीडीएफ जपून ठेवा. पुढच्या अर्जात दहा वर्षांच्या प्रवासाच्या नेमक्या तारखा पुन्हा विचारल्या जातात.